अकरा कुंड्यांचं वाढतं वजन

अकरा कुंड्यांचं वजन करायला रोज सकाळी बावीस मिनिटं लागत. कुंडी उचलायची, काट्यावर ठेवायची, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा, वहीत मांडायचा आणि कुंडी होती त्याच जागी, होती त्याच तोंडानं परत ठेवायची. श्वास रोखण्याची तशी काही गरज नव्हती. काटा साठ किलोपर्यंत तोलणारा होता, माणसाच्या श्वासानं तो हलला नसता. पण एकोणीस वर्षांची सवय, ती काय एकदम सुटते?

कारण रोज हे वजन करणारे गृहस्थ वजनमापं तपासणाऱ्या कार्यालयात निरीक्षक होते. दुकानातला काटा बरोबर असला की शिक्का, नसला की दंड. इमारतीत त्यांना काटेसाहेब म्हणत. काही जण प्रेमानं म्हणत, आणि काही जण दुकानात सामान घेताना त्यांना मुद्दाम मोठ्यानं हाक मारत, म्हणजे दुकानदाराचा हात जरा सैल सुटावा.

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ह्या अकरा कुंड्या आल्या त्याचं कारण काटेसाहेबांनी घरात सांगितलं ते असं, की भाजी महाग झाली आहे. ते खरंच होतं. त्यांची बायको परिचारिका होती आणि वर्षभरासाठी तिची नेमणूक दहा तासांच्या अंतरावरच्या एका नव्या रुग्णालयात झाली होती. तिचं तिथं खोलीचं भाडं, इथं घर, कॉलेजात जाणारी लेक, शिवाय बायकोचे वडील. हे सासरे स्वयंपाकघर सांभाळत, आणि काटकसरीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांच्या राज्यात भाजी तीन दिवस चाले. पहिल्या दिवशी ती भाजी असे, दुसऱ्या दिवशी तिच्यात पाणी घालून सूप होई आणि तिसऱ्या दिवशी ते सूप भातात शिरे. फुलकोबीचा दांडा, मुळ्याचा पाला, मटारच्या सोललेल्या शेंगांची टरफलं, असं काहीही त्यांच्या हातून सुटत नसे. "आजोबा, हे टरफल आहे," असं नात म्हणाली की ते म्हणत, "चाव. आपोआप कळेल तुला त्यात काय आहे ते." ती चावत बसे, आणि कळत काहीच नसे.

पण कुंड्यांचं खरं कारण वेगळंच होतं आणि ते काटेसाहेबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

बायकोचा फोन रोज दुपारी दीडला, जेवणाच्या सुट्टीत येई. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, इथं मला मुख्य परिचारिका करतायत. पण मग अजून दोन वर्षं थांबावं लागेल. काय करू?"

काटेसाहेबांना 'नको' म्हणायचं होतं. तो शब्द घशापर्यंत आलाही. पण माणूस पडला निरीक्षक. आपलं वजन आपणच एका पारड्यात टाकायचं म्हणजे काट्याशी बेइमानी, असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, "ठीक आहे. तुझ्या सोयीनं बघ."

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता रजा आहे ती एकदम पुढच्याच्या पुढच्या महिन्यात, बारा तारखेला, रविवारी. तेव्हा येते. सोमवारी त्यांना कळवायचंय."

फोन बंद झाल्यावर त्यांनी डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला. संध्याकाळी येताना टेम्पोतून अकरा कुंड्या, माती, घेवडा-पालक-मुळ्याच्या बियांच्या पुड्या आणि टोमॅटो-वांग्याची तयार रोपं आणली. घेवडा पंचावन्न दिवसांत येतो, असं पुडीवर लिहिलं होतं. बारा तारखेला सहासष्ट दिवस होते. तोंडानं जे म्हणता येत नाही ते निदान ताटात वाढता येईल. घरच्या गॅलरीतली भाजी, घरची माणसं, समोर ती. हे बघून ती काय समजायचं ते समजेल, असा त्यांचा हिशेब होता. त्यात चूक शोधायला कुणी नव्हतं, कारण तो त्यांनी कुणाला दाखवलाच नव्हता.

पहिला सल्ला समोरच्या दारातल्या काकूंचा आला. काकू पूर्वी एका वकिलाकडे टंकलेखन करत. काटेसाहेबांच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असे. त्या म्हणाल्या, "भाऊजी, झाडांशी बोलावं लागतं हं. माझ्या बहिणीचं लिंबाचं झाड निव्वळ बोलण्यावर वाढलं."

"काय बोलायची बहीण?"

"नवऱ्याच्या तक्रारी."

"आणि मग?"

"लिंबं भारी आंबट यायची."

दुसरा सल्ला खालच्या मजल्यावरच्या दप्तरदारांचा. हे एका कचेरीच्या दप्तरखान्यातून निवृत्त झाले होते, पण दप्तरखाना काही त्यांच्यातून निवृत्त झाला नव्हता. इमारतीच्या समितीचे ते सचिव होते, आणि जिन्यात भेटल्यावर जे तोंडानं सांगता येईल तेही संध्याकाळी दाराखालून कागदावर सरकवत. कागद आला. विषय: गॅलरीवर पडणाऱ्या जादा भाराबाबत. एकूण भार लेखी कळवावा, परवानगी घ्यावी.

दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. काटेसाहेबांचा चेहरा उजळला. बऱ्याच वर्षांत कुणी त्यांना इतका योग्य प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी कार्यालयातला जुना, पण चोख असलेला काटा रीतसर अर्ज करून घरी आणला आणि उत्तर दिलं: अकरा कुंड्या, सरासरी नऊ किलो दोनशे ग्रॅम, एकूण भार एकशे एक किलो दोनशे ग्रॅम. दप्तरदारांनी एकशे दहा किलोपर्यंत परवानगी दिली. तेव्हापासून रोजचं वजन सुरू झालं.

पाण्याचंही माप ठरलं. दर कुंडीला रोज सकाळी चारशे मिलिलिटर. माप शिक्क्याचं होतं. ह्या पाण्याबद्दल काटेसाहेबांच्या मनात एक हळवा कोपरा होता. बायकोनं फोनवर आवाज जरा खाली आणून म्हटलं होतं, "अहो, पाण्याचं तेवढं तुम्हीच बघा हं. बाकी कुणाला जमायचं नाही." तसं वाक्य साधंच. पण 'तुम्हीच' मधला तो 'च' काटेसाहेब दिवसभर शर्टाच्या खिशात घालून फिरत आणि दुकानादुकानांतून काटे तपासताना मधूनच चाचपून बघत.

रोपं वर आली. आणि वजनही वाढू लागलं. पहिल्या आठवड्यात घेवड्याची एक कुंडी साडेनऊ किलोवर गेली, दुसऱ्यात दहावर. काटेसाहेब हरखले. दुपारी दीडच्या फोनवर त्यांनी सांगितलं, "घेवडा आठशे ग्रॅमनं वाढलाय."

"अगं बाई! एवढा? दिसतो का तसा?"

"वरून फारसा दिसत नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "आतून वाढत असणार."

"आणि पाणी घालता ना?"

"चारशे मिलिलिटर. वर थेंब नाही की खाली थेंब नाही."

एरवी त्यांचे फोन दोन मिनिटांत आटपत. 'जेवलात? जेवलो. ठीक? ठीक.' झाडं आल्यापासून ते दहा-दहा मिनिटं चालू लागले. कुठल्या पानाला काय झालं, कुठली कळी उघडली, ती सगळं विचारी. फोन ठेवल्यावर काटेसाहेब डबा चाटूनपुसून संपवत, त्यात टरफलं असली तरी.

चौथ्या आठवड्यात एकूण भार एकशे बारा किलो झाला. परवानगी एकशे दहाची. एकोणीस वर्षांत त्यांनी कुणाला दोन किलो सोडले नव्हते. आता स्वतःला सोडणार? त्यांनी स्वतःच दप्तरदारांना पत्र लिहिलं, की माझ्याकडून भारमर्यादेचा भंग होत आहे. दप्तरदारांना असं पत्र उभ्या हयातीत आलं नव्हतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि उत्तर म्हणून एक सूचना सरकवली. त्यानुसार पालकाच्या दोन कुंड्या गॅलरीतून हलल्या आणि निजायच्या खोलीत, खिडकीशी, पलंगाच्या तिच्या बाजूला जाऊन बसल्या. खोलीला ओल्या मातीचा वास येऊ लागला. त्या बाजूला बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी आहे, असं वाटे. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही पालकाला 'सरक जरा' म्हणालात." काटेसाहेबांनी ते साफ नाकारलं.

मग पानं पिवळी पडू लागली.

सासरे म्हणाले, "जावईबापू, ऊन फार आहे. तहानलीयत बिचारी." लेकीनं कॉलेजच्या ग्रंथालयातून जाड पुस्तक आणलं. त्यात पानं पिवळी पडण्याची चौदा कारणं होती, आणि तिनं पहिल्या पानावरचं, म्हणजे पाण्याच्या कमतरतेचं, मान्य केलं, कारण पुस्तक दुसऱ्या दिवशी परत करायचं होतं. काकू म्हणाल्या, "तुम्ही बोलत नाही त्यांच्याशी. नुसतं वजन करता. मला कुणी रोज सकाळी उचलून काट्यावर ठेवलं तर मीही पिवळी पडेन."

काटेसाहेबांनी विचार करून माप चारशेवरून पाचशेवर नेलं.

आणि खालून कागद आला. विषय: माझ्या निजण्याच्या खोलीच्या छतावर उमटलेल्या डागाबाबत. सोबत नकाशा जोडला होता. दप्तरदार शिडीवर चढून रोज डागाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारत आणि तारीख घालत. आठ दिवसांत आठ रेघा, एकीबाहेर एक. काटेसाहेब खाली गेले, छताकडे बघितलं आणि त्यांना त्या माणसाबद्दल नकळत आदरच वाटला.

"तुमच्या न्हाणीघराचा पाइप फुटलाय," दप्तरदार म्हणाले.

"कशावरून?"

"डाग तुमच्या बाजूनं येतोय."

"वरून येतोय म्हणा. वर आकाशही आहे."

"आकाश समितीच्या अखत्यारीत येत नाही," दप्तरदार म्हणाले. "प्लंबर बोलवा."

प्लंबर आला. भिंतीला कान लावून त्यानं डॉक्टरसारखे डोळे मिटले. "इथंच आहे," म्हणाला आणि फरशा फोडल्या. तिथं नव्हतं. "मग इथं," म्हणून आणखी फोडल्या. आतला पाइप ठणठणीत कोरडा. चार दिवस सगळं घर टॉवेल खांद्यावर टाकून समोर काकूंकडे अंघोळीला जात होतं. एका दुकानदारानं काटेसाहेबांना त्या अवस्थेत जिन्यात पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या काट्यावर शिक्का मारताना तो इतक्या सहानुभूतीनं हसला, की काटेसाहेबांनी काटा पुन्हा एकदा तपासला. काटा बरोबर होता, म्हणून त्यांना आणखीच वाईट वाटलं.

पाचव्या दिवशी प्लंबर हात धुवायला गॅलरीत गेला. त्याचा बूट पचकन बोलला. त्यानं खाली बघितलं, मग घेवड्याच्या कुंडीत बोट घातलं. बोट मुळापर्यंत आत गेलं.

"साहेब," तो म्हणाला, "ह्यांना पाणी कोण घालतं?"

त्या वेळी गॅलरीच्या दारात काटेसाहेब, लेक, सासरे आणि फरशांचा पंचनामा करायला आलेले दप्तरदार उभे होते.

"मी," काटेसाहेब म्हणाले.

"मी," लेक म्हणाली.

"मी," सासरे म्हणाले.

तेवढ्यात आपल्या किल्लीनं दार उघडून, हातात पाण्याची कळशी घेऊन काकू आत आल्या आणि एवढी माणसं बघून कळशी पदराआड लपवू लागल्या. कळशी काही मावेना.

"आईनं मला सांगितलं होतं," लेक घाईघाईनं म्हणाली. "म्हणाली, बाबा मापात कंजुषी करतात. तू कॉलेजला जाताना गुपचूप घालत जा. फक्त तूच."

"मला म्हणाली," सासरे म्हणाले, "नाना, ही दोघं दिवसभर बाहेर. तुमच्याशिवाय त्या झाडांना आहे कोण? पाचच्या फोनला रोज विचारते."

"मला म्हणाली," काकू कळशी खाली ठेवत म्हणाल्या, "काकू, त्या तिघांवर माझा काडीचा विश्वास नाही."

प्लंबर सगळ्यांकडे बघत म्हणाला, "ही झाडं वाढत नव्हती, साहेब. नुसती भिजत होती, आणि पाणी खाली झिरपत होतं. वजन केलं असतंत तर लगेच कळलं असतं."

काटेसाहेबांनी हातातली वही हळूच मिटली. सात आठवड्यांचे आकडे, एकही दिवस चुकलेला नाही. प्रत्येक आकडा बरोबर होता. चुकलं होतं ते एवढंच, की पाण्याला ते झाड समजले होते.

दप्तरदारांनी नेमकं त्या वेळी काही लिहून घेतलं नाही. पेन खिशाला लावून ते निघून गेले, आणि त्या संध्याकाळी दाराखालून काहीही सरकलं नाही.

पण काटेसाहेबांना लागलं ते वेगळंच. फरशा पुन्हा बसतील, डाग वाळेल. पण खिशातला तो 'च' बाहेर काढून बघितला तर तो चौघांत वाटलेला निघाला. इतर तिघांनाही तेच झालं असावं. त्या दिवशी जेवायला बसल्यावर सगळे जण तिसऱ्या दिवसाचा भात खाली मान घालून खात होते, जणू प्रत्येकाचं काहीतरी दुसऱ्यानं वापरलेलं निघालं होतं.

"तिला कळता कामा नये," शेवटी काटेसाहेब म्हणाले. "उगाच मनाला लावून घेईल." आणि पुढचे बारा दिवस, मातीला थेंबही मिळत नसताना, हा निरीक्षक दुपारी दीड वाजता फोनवर सांगत राहिला, "घातलं. हो. पाचशे." आयुष्यात पहिल्यांदाच खोटं माप देत होता.

मुळे कुजले. वांगी गेली. पलंगाशेजारचा पालक एका सकाळी आडवा झाला, तेव्हा काटेसाहेबांनी कुंड्या उचलून बाहेर नेल्या आणि ती बाजू पुन्हा नुसती चादर झाली. तग धरला तो घेवड्याच्या तीन कुंड्यांनी आणि एका टोमॅटोनं. बारा तारखेच्या रविवारी सकाळी तोड झाली. घेवडा तीनशे दहा ग्रॅम, टोमॅटो दोन, एकशे चाळीस ग्रॅम. जेवणारी माणसं, काकू धरून, पाच.

"बाजारातून किलोभर आणतो," सासरे म्हणाले. "तिला काय कळतंय?"

"नाही," काटेसाहेब म्हणाले. "आज बाहेरचं काही नको."

"मग सूप," सासरे म्हणाले, आणि पहिल्या दिवसाची पायरी गाळून थेट दुसऱ्या दिवसाच्या कामाला लागले.

ती आली तेव्हा अकरा वाजले होते. जरा वाळली होती. बॅग दारातच ठेवून ती आधी गॅलरीत गेली. चार हिरव्या कुंड्या आणि सात रिकाम्या.  मग ती न्हाणीघरात गेली आणि नव्या फरशांना हात लावून बाहेर आली. "हे काय?" म्हणाली. चौघांनीही छताकडे बघितलं.

जेवायला बसल्यावर खालून दप्तरदार आले. हातात चार बटाटे आणि एक कागद. "डागाची वाढ बारा दिवसांत शून्य," त्यांनी वाचून दाखवलं. "प्रकरण दप्तरी दाखल करून बंद करण्यात येत आहे." मग बटाटे टेबलावर ठेवून म्हणाले, "हे प्रकरणाशी संबंधित नाहीत. वहिनी आल्यात म्हणून."

"कसला डाग?" तिनं विचारलं.

लेकीचा बांध फुटला. "आई, तू चौघांना सांगितलंस! प्रत्येकाला वेगवेगळं! 'फक्त तूच' म्हणालीस! चौघं मिळून दीड महिना पाणी ओतत होतो आम्ही!"

बायकोनं चमचा खाली ठेवला. काकूंनी सुपात घेवडा शोधायला सुरुवात केली. दप्तरदार बसायचे ते उभेच राहिले.

काटेसाहेब तिच्याकडे बघत होते. बावीस वर्षं ही बाई वॉर्ड सांभाळते. खाटेच्या पायाशी तक्ता, प्रत्येक गोळीसमोर वेळ आणि सही. असली चूक हिच्याकडून? त्यांच्या डोक्यातला काटा इतक्या दिवसांनी हलला.

"वॉर्डात एका रोग्याची गोळी तू चार माणसांच्या हाती दिली असतीस?" त्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

"मग?"

तिनं वाटीतलं सूप ढवळलं. "तिथं ड्यूटी संपली की खोलीत भिंतीच बघायच्या," ती म्हणाली. "फोन लावावा तर तुम्ही सगळे 'ठीक' म्हणायचात. तुम्ही ठीक, ही ठीक, नाना ठीक. दोन मिनिटांत फोन संपायचा. पाण्याचं विचारलं, की दहा मिनिटं बोलायचात. नाना तर एकदा एका कळीवर सतरा मिनिटं बोलले. काकू बोलल्या त्या तर अर्धा तास. मला झाडांचं काय करायचं होतं? मला वाटलं, चार घोट जास्त गेले तर काय बिघडतंय."

सासऱ्यांनी उद्यासाठी झाकून ठेवलेली टोमॅटोची एकच फोड काढून तिच्या ताटात ठेवली. आयुष्यात त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखलेली वस्तू अशी कुणाला दिली नव्हती.

"मला करमत नाही," काटेसाहेब म्हणाले.

ते इतक्या हळू म्हणाले, की दप्तरदारांनी कानामागे हात नेला.

"काय म्हणालात?" बायकोनं विचारलं.

"मला करमत नाही. तू नसलीस की." एकदा निघालं ते थांबेना. "ठीक वगैरे काही नाही. एक दिवस नाही. पालकाला सरक म्हणालो मी. पोरगी म्हणते ते खरंय."

लेकीनं काकूंचा हात घट्ट धरला.

"मग हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" बायको म्हणाली. "मी विचारलं नव्हतं का, काय करू म्हणून?"

"तुझी बढती होती. मला वाटलं, मी मध्ये वजन टाकू नये."

"अहो, टाकायचं होतंत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "मी दोन महिने वाट बघत होते, कुणी टाकतंय का म्हणून."

 मग तिनं चमचा उचलला, सूप प्यायली, आणि वाटी पुढे केली. "उद्या त्यांना नाही म्हणून कळवते," ती म्हणाली. "बढती काय, इथंही मिळेल. उशिरा मिळेल. नाना, अजून आहे का?"

"आहे," सासरे म्हणाले. "पाणी घातलं की होतं."

काटेसाहेबांचा चेहरा फुलला, आणि मग त्यांच्या ओठांची हालचाल सुरू झाली. ते काहीतरी मोजत होते.

"आता काय?" ती म्हणाली.

"नेमणुकीचं वर्ष पुरं व्हायला अजून सात आठवडे आहेत," काटेसाहेब म्हणाले. "म्हणजे एकोणपन्नास दिवस." त्यांनी तो आकडा मनात पुन्हा एकदा तपासला. तो बरोबर होता. "फार होतात गं."